ग्रिड ६ किलोमीटरचं झालं, वाळपईचा पाऊस सापडला का?

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टिम, म्हणजे हवामानाचा अंदाज काढणारं संगणकीय मॉडेल, मे २०२५ मध्ये हवामान खात्याच्या रोजच्या कामात आली. ग्रिड, म्हणजे मॉडेल नकाशाचे जे चौकोन पाडून हिशेब करतं त्यांची जाळी, १२ किलोमीटरवरून ६ वर आलं. चांगलंच झालं. पण गोव्यापुरतं विचाराल तर मला पडताळणीचा, म्हणजे अंदाज आणि पडलेला पाऊस जुळवून बघणारा तक्ता बघायचाय. किनाऱ्यापासून घाटापर्यंत आपण जेमतेम साठ किलोमीटर, म्हणजे दहाएक चौकटी. पावसाचा एखादा पट्टा मॉडेलमध्ये नीट उमटायलाच पाच-सात चौकटी लागतात. त्यात सत्तरीचा, म्हणजे वाळपईच्या तालुक्यातला, घाटाकडचा चढ बसवायचा!

नवं मॉडेल जुन्याच्या जोडीने अख्खा पावसाळा चालवावं, मधे कोडला हात न लावता. आणि ‘९० टक्के अचूक’ ऐकून हुरळू नये. जून ते सप्टेंबर १२२ दिवस. समजा एखाद्या केंद्रावर त्यातले दहा दिवस पाऊस ६४.५ मिमी किंवा जास्त, म्हणजे हवामान खात्याच्या लेखी ‘जोरदार’, झाला. रोज डोळे मिटून ‘जोरदार नाही’ म्हणणारासुद्धा ११२ दिवस बरोबर ठरतो, जवळपास ९२ टक्के! म्हणून मोजायचं ते एवढंच: सांगितला नि पडला, सांगून पडला नाही, न सांगता कोसळला.

इथेही गंमत आहे. वाळपईचा मुसळधार मॉडेलने फोंड्यात दाखवला तर वीसेक किलोमीटरची एकच चूक दोनदा भरते: तिकडे हुकला, इकडे खोटा इशारा. जुनं, ढोबळ मॉडेल एवढा पाऊस दाखवायचं धाडसच करत नाही, म्हणून कागदावर तेच शहाणं दिसतं. तेव्हा केंद्राभोवतीच्या वीस-तीस किलोमीटरांत किती भाग भिजला, हेही ताडून बघावं.

सगळ्यात क्षुल्लक वाटणारी चूक वेळेची. पाऊस मोजतात सकाळी साडेआठ ते साडेआठ. ०० यूटीसीचं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीचं मॉडेल सुरू होतं आपल्या पहाटे साडेपाचला. बेरीज ० ते २४ तासांची केली की सकाळची झोड भलत्या तारखेला जाते आणि मॉडेल उगाच नापास. ३ ते २७ तास धरायचे. स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पान अडकलं असेल तर तेही आधी बघा, नाहीतर मॉडेल बरोबर आणि नोंद खोटी.

ड्युटीवरच्या फोरकास्टरने नवा नकाशा बघण्याआधी आपला इशारा लिहावा, मग बघून पुन्हा लिहावा. दोन्हींची नोंद ठेवावी. नकाशा बुलेटिन निघाल्यावर येत असेल तर कितीही सुंदर असो, रोजच्या कामात त्याचा उपयोग शून्य.

आणि जुनं मॉडेल लगेच बंद करू नका. प्रत्येक केंद्रासाठी काढलेली दुरुस्ती त्याच्या चुकांवर बेतलेली असते; नव्याच्या चुका वेगळ्या, ती जशीच्या तशी लावली तर आकडा आणखी बिघडतो.