बाथरूममध्ये शॉवर सोडून बसू नका

6 डिसेंबर 2025 च्या मध्यरात्री गोव्यातल्या हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागून 25 माणसं गेली. त्यानंतर सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच: ‘ते क्लबात झालं. आपल्या इमारती चिऱ्या-सिमेंटच्या, त्या जळत नाहीत. उंचीही बेताची, तीन-चार मजले. जिन्याखाली लाल नळकांडं टांगलेलं आहे, तेवढं पुरे. आग लागलीच तर बाथरूममध्ये शॉवर सोडून बसा आणि 101 फिरवा, बंब येतोच. ऑडिट आणि मॉक ड्रिल म्हणजे पैसे काढायचे धंदे.’

म्हापशापासून फोंड्यापर्यंत चांगली शिकलेली माणसं हे पुढे ढकलताहेत. यातला बाथरूमचा सल्ला थेट जिवावर बेतणारा, म्हणून आधी तोच घेते.

29 डिसेंबर 2017 ला मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबला आग लागली. 14 जण गेले. त्यातले बहुतेक स्वच्छतागृहात सापडले, गुदमरलेले. ज्वाळांपासून लांब जावं म्हणून ती माणसं तिथे शिरली होती. आपल्या फ्लॅटांत बाथरूमचा झरोका बहुधा डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, उघडतो. खालच्या मजल्यावर काही पेटलं, की धूर त्याच डक्टमधून वर चढतो आणि झरोक्यातून आत येतो. शॉवरच्या पाण्याने कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून बसतो. आधी गरगरतं, मग पाय उचलत नाहीत. दार उघडावं हे सुचेपर्यंत हातात त्राण राहत नाही. शिवाय बाथरूममध्ये बसलेला माणूस खाली आलेल्या जवानांना दिसणार कसा?

मग करायचं काय? जिन्यात धूर नसेल तर घरातल्या सगळ्यांना घेऊन लगेच खाली. निघताना फ्लॅटचं दार ओढून घ्या, बंद दार आग आणि धूर दोन्ही थोपवून धरतं. लिफ्टला हात लावू नका. दाराबाहेर धूर दाटला असेल तर त्यातून धावू नका. आत फिरा, दार लावा, खालच्या फटीत ओली चादर कोंबा आणि रस्त्याकडच्या खोलीत जाऊन तिचंही दार लावा. खिडकीतून कपडा हलवा, रात्र असेल तर मोबाइलचा टॉर्च. बरेच जण गच्चीकडे धावतात. पण धूरही वरच जातो, आणि गच्चीला बहुतेक ठिकाणी कुलूप असतं.

आता चिरा आणि सिमेंट. भिंत जळत नाही, हे खरंच. पण भिंतींच्या आत काय आहे ते बघा: फोमचा सोफा, गाद्या, पडदे, प्लायवूडची कपाटं, फ्रिज, एसी. फोम जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सुटतो. दिल्लीचं उपहार सिनेमागृह पक्क्या बांधकामाचंच होतं. 13 जून 1997 ला तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या खोलीत आग लागली. धूर वर चढून बाल्कनीत भरला आणि 59 प्रेक्षक गेले. बाहेर पडायची वाट जादा खुर्च्यांनी अडवलेली होती. हडफड्यालाही बहुतेक जण धुरानेच गेले, आणि त्यांतले बरेचसे तिथे राबणारे कामगार होते. त्यांच्या मरणाला ‘क्लबात झालं’ एवढं म्हणून बाजूला सारताना मला फार वाईट वाटतं.

उंचीचं म्हणाल, तर राष्ट्रीय इमारत संहिता 15 मीटर आणि त्यावरच्या इमारतींना उंच इमारत धरते आणि कडक अटी त्यांना लावते. आपल्या तीन-चार मजली इमारती बहुधा त्याच्या खाली राहतात. म्हणजे दुसरा जिना नाही, छतातून पाणी फवारणारी यंत्रणा नाही, धूर कळवणारा भोंगा नाही. सगळ्या बिऱ्हाडांना खाली यायला तो एकच जिना. तो पेटला की धुराड्यासारखा धूर वर ओढतो.

आणि त्या जिन्याची अवस्था काय असते? तळाशी वीजमीटरांची पेटी, उघड्या वायरींची. तिला टेकून रद्दीचे गठ्ठे, मोडकी खुर्ची, चतुर्थीच्या मखराचा थर्मोकोल, पुढच्या वर्षी लागेल म्हणून जपलेला. हल्ली त्यात एक इलेक्ट्रिक स्कूटर, एक्स्टेंशन बोर्डवरून रात्रभर चार्जिंगला. लिथियमची बॅटरी पेटली तर मिनिटभरात जिना विषारी धुराने भरतो, आणि विझली असं वाटल्यावरही ती पुन्हा पेट घेते. स्कूटर उघड्यावर, जिन्यापासून लांब चार्ज करायची. या एका गोष्टीवर शेजाऱ्याशी वाईटपणा घ्यावा लागला तरी घ्यावा.

बाल्कनीच्या लोखंडी जाळ्यांचंही तसंच. चोरांच्या भीतीने त्या पूर्ण वेल्डिंग करून बसवतात, मग आतल्या माणसाला बाहेर काढायला जागाच उरत नाही. एका जाळीला तरी उघडणारी झडप हवी, आणि कुलपाची किल्ली तिथेच हाताशी, पण बाहेरून हात पोचणार नाही अशी.

लाल नळकांडं कामाचं आहे, पण त्याची ताकद ओळखून असा. सहा किलोचं पावडरीचं नळकांडं वीस सेकंदांच्या आसपास रिकामं होतं. कचऱ्याचा डबा पेटला तर पुरेल, पेटलेल्या खोलीला नाही. आमच्या खाऱ्या हवेत त्याचं बूड गंजतं. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन जागेवर आहे का, हे बघायला कुणी तंत्रज्ञ लागत नाही. कढईतलं तेल पेटलं तर पाणी मुळीच ओतू नका. गॅस बंद करा, झाकण ठेवा आणि कढई हलवू नका. गॅसचा वास आला तर पंखा-दिव्याच्या बटणांना हात न लावता दारं-खिडक्या उघडा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. बाहेर येऊन 1906 ला फोन करा.

बंब येतो, जवान जिवावर उदार होऊन आत शिरतात. पण हडफड्याला अरुंद वाटेमुळे गाड्या बऱ्याच अलीकडे थांबवाव्या लागल्या. तुमच्या गेटसमोर दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतील, तर तिथेही तसंच होईल. 101 किंवा 112 लागला की इमारतीचं नाव सांगून थांबू नका. जवळचं देऊळ, दुकान, चौक सांगा, आत कोण अडकलंय ते सांगा, आणि एकाला रस्त्यावर उभं करा.

ऑडिटच्या नावाने नुसतं लेबल चिकटवून पैसे नेणारे आहेत, हे मला मान्य आहे. त्यांना दारातूनच परत पाठवा. पण मीटरची पेटी आणि घरातली जुनी वायरिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घेणं, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवणं हा खर्च फुकट जात नाही. ड्रिलला तर पैसाच लागत नाही. चतुर्थीच्या आधीच्या एका रविवारी सगळ्यांनी एकदा जिन्याने खाली उतरायचं, म्हाताऱ्यांना कुणी आणायचं ते नावानिशी ठरवायचं आणि गच्चीची किल्ली कुणाकडे ते लिहून लावायचं. मग मूळ घरी जाताना प्रत्येकाने विजेचा मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करून फ्लॅटची एक किल्ली मागे राहणाऱ्या शेजाऱ्याकडे द्यायची.