नऊ वर्षांच्या मुलीचा होकार

‘आपली मुलं परक्यांच्या हवाली का करायची?’ हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून उसळतो. कधी एखादं परदेशी जोडपं संस्थेतल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन निघाल्याचा फोटो छापून येतो, कधी एखादी वाईट बातमी येते. २०१७ साली टेक्सासमध्ये बिहारहून दत्तक आलेली तीन वर्षांची मुलगी मरण पावली, तेव्हा तर परदेशी दत्तक बंदच करा, असा सूर घरोघरी होता. तिचे दत्तक आईवडील भारतीय वंशाचेच होते, हे त्या संतापात फारसं कोणी लक्षात घेतलं नाही. मूल कोणत्या देशात गेलं यावर आपण तावातावाने बोलतो. त्या मुलाला काय वाटतं, हे विचारणारा आवाज मला या चर्चेत अजून भेटलेला नाही.

आधी आकडे पाहू. २०२४-२५ या वर्षात भारतातून ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणामार्फत ४,५१५ मुलं दत्तक गेली. त्यातली ४,१५५ देशातल्याच घरांत गेली. परदेशी गेलेली उरतात साडेतीनशेच्या आसपास. दुसरीकडे देशात तीस हजारांहून अधिक इच्छुक पालक रांगेत उभे आहेत आणि त्यांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं आहे. ही रांग तान्ह्या, निरोगी बाळांसाठी आहे. सात वर्षांच्या मुलासाठी, भावंडांच्या जोडीसाठी, हृदयाचा आजार असलेल्या मुलीसाठी अशी रांग नाही. नियमाप्रमाणे मूल आधी भारतात राहणाऱ्या आणि आमच्यासारख्या अनिवासी भारतीय पालकांना दाखवलं जातं. कोणी पुढे आलं नाही तरच परदेशी कुटुंबांपर्यंत त्याचा नंबर लागतो. म्हणजे नऊ वर्षांची मुलगी अमेरिकन घरात पोचते, त्याआधी आपल्यापैकी किती जणांनी तिचा फोटो पाहून पुढे सरकवलेला असतो, याचा विचार व्हायला हवा.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. ‘मोठं मूल रुळत नाही. त्याला सगळं आठवतं.’ शिकल्यासवरल्या, मायाळू माणसांच्या तोंडूनही मी हे ऐकलं आहे. मुलाला आई आठवते, भाऊ आठवतो, उपाशी काढलेली रात्र आठवते, आणि ही आठवण म्हणजे त्याच्यातलं वैगुण्य असं धरून चालायचं! मला हे फार क्रूर वाटतं. अमेरिका यात आपल्यापेक्षा शहाणी आहे असंही नाही. मी राहते त्या या देशात सरकारी देखरेखीखाली परक्या घरांत वाढणारी तीन लाखांहून अधिक मुलं आहेत. त्यातल्या दत्तक जाऊ शकणाऱ्यांपैकी जी मोठी, ती मागे राहतात. बरीच मुलं दत्तक घर न मिळताच अठरा वर्षांची होऊन एकटी बाहेर पडतात.

मी मिनेसोटात राहते. आमच्या ओळखीतलं एक जोडपं आपल्याकडच्या नऊ वर्षांच्या मुलीला घ्यायला निघालं, तेव्हा त्यांनी मला मराठी शिकवायला सांगितलं. दोघंही पन्नाशी गाठलेले. आठ वर्षांपुढच्या मुलासाठी नवराबायकोच्या वयांची बेरीज एकशे दहापर्यंत चालते, म्हणून तर त्यांचा अर्ज बसला. त्यांना रंग, आकडे, फळांची नावं शिकायची नव्हती. त्यांनी वहीत लिहून आणलेली वाक्यं वेगळी होती. रात्री दिवा चालू ठेवू का? कुठे दुखतंय? तुला एकटीला बसायचंय का? आमचा राग आला तर सांग. मी ती वाक्यं त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली आणि दर वेळी मनात आलं, की आपण स्वतःच्या पोटच्या मुलांना तरी यातलं किती विचारतो.

व्हिडिओ कॉलवर मी मध्ये दुभाषी असायची. मुलगी मोजकं बोलायची. घर कसं आहे, कुत्रा चावतो का, एवढंच. मग एकदा तिने विचारलं, तिकडून इथे फोन लावता येतो का. संस्थेत तिच्यापेक्षा लहान एक मुलगी होती. ही तिची वेणी घालायची, रात्री तिला शेजारी घेऊन झोपायची. रक्ताचं नातं नाही, त्यामुळे फाइलमध्ये त्या धाकटीचा उल्लेखही नव्हता. पण या मुलीचं घर म्हणजे तीच होती. जोडप्याने लगेच हो म्हटलं आणि दिलेला शब्द पाळला. ती दोघं तिकडे पोचल्यावर मुलगी आधी आनंदाने त्यांच्याजवळ आली, मग निघण्याच्या तोंडावर ‘मी येत नाही’ म्हणून कोपऱ्यात बसली. अधीक्षकबाई रागावल्या, मुलीला समजावू लागल्या. त्या जोडप्याने मात्र तिकिटं पुढे ढकलली. रोज थोडा वेळ तिथे जाऊन बसायचे, त्या धाकटीलाही सोबत घेऊन खेळायचे. शेवटी मुलगी स्वतःहून उठली आणि पिशवी भरायला लागली.

दत्तकाचा आदेश देताना मुलाचं वय आणि समज पाहून त्याची इच्छा विचारात घ्यावी, असं आपला बालन्याय कायदा सांगतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर हे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. पण इच्छा विचारायची म्हणजे काय करायचं? अनोळखी माणसांसमोर, एका टेबलापुढे उभं करून ‘जाशील ना आईबाबांबरोबर?’ असं विचारलं, तर मूल मान हलवणारच. मोठ्यांना बरं वाटेल ते उत्तर देणं संस्थेत वाढलेल्या मुलाला लवकर जमतं. त्यामुळे होकार एकदा नोंदवून भागत नाही. तो पुन्हा पुन्हा विचारावा लागतो आणि मधल्या नकारालाही तितकीच जागा द्यावी लागते. त्या मुलीला ती मिळाली, कारण ती दोघं तशी होती. व्यवस्थेने त्यांना तसं वागायला भाग पाडलेलं नव्हतं.

परदेशी दत्तक सरसकट बंद करा म्हणणाऱ्यांची बाजू मी हलकी मानत नाही. मिनेसोटात कोरियातून दत्तक आलेली इतकी माणसं आहेत, की ऑफिसात, शाळेत, दवाखान्यात कोणी ना कोणी भेटतंच. त्यांतल्या काहींनी प्रौढपणी आपली कागदपत्रं मागवली, तेव्हा आई जिवंत असताना ‘अनाथ’ असा शिक्का मारलेला निघाला. २०२५ च्या मार्चमध्ये कोरियाच्या सत्यशोधन आयोगानेच अशा खोट्या नोंदींवर बोट ठेवलं. नेदरलँड्सने २०२१ मध्ये परदेशी दत्तक थांबवलं ते याच स्वरूपाच्या गैरप्रकारांमुळे. आपल्याकडेही पुण्यातल्या एका संस्थेचं प्रकरण सीबीआयपर्यंत गेलं होतं. अमेरिकेत तर २०१० साली एका बाईने दत्तक घेतलेल्या सात वर्षांच्या मुलाला चिठ्ठी देऊन एकट्याला विमानाने मॉस्कोला परत पाठवलं. २०१३ मध्ये रॉयटर्सने उघड केलं, की परदेशातून आणलेली मुलं ‘जमत नाही’ म्हणून इंटरनेटवरच्या गटांमधून अनोळखी लोकांना देऊन टाकली जात आहेत. हे सगळं घडलं आहे, आणि ज्यांच्या बाबतीत घडलं त्यांत थोडी मोठी मुलं बरीच होती.

पण दार धाडकन बंद करतानाही मुलांना कोणी विचारत नाही. चीनने सप्टेंबर २०२४ मध्ये परदेशी दत्तक संपवलं, तेव्हा शेकडो मुलांची अमेरिकन कुटुंबांशी जुळणी आधीच झालेली होती. कोविडपासून ती वाट पाहत होती. त्यातल्या काहींना आपल्या होणाऱ्या आईबाबांचे फोटो दाखवून झाले होते. निर्णय धोरणाचा होता, तो त्या मुलांच्या जिवावर झाला.

म्हणून मला दार बंद नको आहे आणि सताड उघडंही नको आहे. मूल आधी देशातच राहावं, हे मला मनापासून मान्य आहे. मग ते मान्य असणाऱ्यांनी अर्जात मुलाचा वयोगट भरताना थांबून विचार करावा. आमच्या इथल्या मराठी मंडळींनाही हेच सांगणं आहे. अनिवासी भारतीय म्हणून आपल्याला निवासी भारतीयांइतकंच स्थान मिळतं, त्या मुलाची भाषा आपल्या घरात बोलली जाते, तरी आपले बहुतेक अर्ज दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी असतात. आपण मागे राहायचं आणि मिनेसोटातल्या पन्नाशीच्या माणसांनी वहीत वाक्यं लिहून मराठी शिकायचं, हे मला बोचतं.

जे मूल परदेशी जाईलच, त्याच्यासाठी आज दोन वर्षं अहवाल जातात. पहिल्या वर्षी तिमाही, दुसऱ्या वर्षी सहामाही. मोठ्या मुलाला हा काळ अपुरा आहे. नव्याची नवलाई संपून खरी भांडणं, खरी रडारड सुरू व्हायला कधी कधी वर्ष जातं, आणि वयात येताना जुने प्रश्न नव्याने वर येतात. अहवाल निदान अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत, वर्षातून एकदा तरी जावा. त्यात मुलाशी एकट्याने, आईवडील खोलीत नसताना बोलणं व्हावं. संस्थेतली जी माणसं त्याला जवळची, ती रक्ताची असोत-नसोत, त्यांची नावं फाइलमध्ये यावीत आणि संपर्क ठेवण्याची सोय पालकांच्या मर्जीवर न सोडता लेखी ठरावी. मुळांचा शोध घेण्याची तरतूद आपल्या नियमांत आहे, पण शोध घ्यायला कागदावर काही खरं असावं लागतं.

आणि एक गोष्ट लगेच करता येण्यासारखी आहे. निघण्यापूर्वी मुलाला जे काही आठवतं, ते त्याच्या शब्दांत, त्याच्या आवाजात नोंदवून ठेवावं. गावाचं नाव, विहीर, आजीची हाक, बहिणीचं दुखणं, जे असेल ते. कुणी खोदून विचारू नये, पण सांगावंसं वाटलं तर ऐकणारं माणूस आणि रेकॉर्डिंग हवं. ही मुलगी आली तेव्हा माझ्याशी घडाघडा बोलायची. पुढच्या हिवाळ्यापर्यंत ती माझ्या मराठीला इंग्रजीतून उत्तरं देऊ लागली, आणि आता तर साध्या प्रश्नालाही अडखळते. अशा मुलांच्या बाबतीत हे होतंच. तिच्या आईबाबांकडे तिचं दोन-तीन तासांचं बोलणं साठवलेलं आहे, कारण मी आग्रह धरला होता. प्रत्येक मुलाच्या मागे असा आग्रह धरणारं माणूस असेलच असं नाही. म्हणून हे काम संस्थेने करावं, काराने ते सक्तीचं करावं आणि त्याची एक प्रत मुलाच्या नावाने भारतात जपून ठेवावी.