सुतार होता, मान्य. पण पुढचं काय?

‘हॅरिसन फोर्ड साधा सुतार. दार बसवत असताना जॉर्ज ल्युकासची नजर पडली आणि थेट स्टार वॉर्सचा हिरो! ना शिक्षण, ना अनुभव. नशिबात असलं की मिळतंच.’ वर ‘ऑस्करविजेता’ आणि ‘हनुवटीवरचा व्रण स्टंट करताना झालेला’ अशी फोडणी. भाच्याने हे नुसतं स्टेटसला ठेवलं असतं तर सोडून दिलं असतं. पण पठ्ठ्या आता एकांकिकेच्या तालमीला दांड्या मारतो आणि वर मलाच फोर्डचा दाखला देतो.

‘अनुभव नाही’ ही शुद्ध थाप आहे. १९७३च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’त काउबॉय हॅट घालून काळी शेव्हरोले पळवणारा बॉब फाल्फा कोण? फोर्डच. आणि दिग्दर्शक? ल्युकासच! त्याआधी कॉलेजात नाटकाचा वर्ग, मग कोलंबिया स्टुडिओत आठवड्याला १५० डॉलरचा करार. १९६६ साली पहिल्या सिनेमात वाट्याला काय आलं, तर हॉटेलातल्या पोऱ्याचं काम, श्रेयनामावलीत नावही नाही. त्यावर स्टुडिओच्या साहेबांनी झापलं: नट टोनी कर्टिसने पडद्यावर नुसती किराण्याची पिशवी आणून दिली, तरी बघताक्षणी कळलं की हा स्टार आहे. फोर्ड म्हणाला, बघणाऱ्याला तो किराणावाल्याचा पोऱ्या वाटायला हवा ना? नशिबावर विसंबलेला माणूस असा विचार करत नाही.

सुतारकी खरी, तेवढं कबूल. बायको-मुलं होती, फुटकळ भूमिकांवर घर चालेना; लायब्ररीतली पुस्तकं वाचून हत्यारं हातात धरली. दारही खरंच. पण ते कसं, हे २०१४ साली रेडिटवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देताना त्यानेच सांगितलंय. दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोलाच्या ऑफिसात तो दाराचं काम करत होता आणि तिथेच ल्युकास ‘स्टार वॉर्स’साठी कलाकारांना भेटत होता. ‘ग्राफिटी’तलं कुणी परत घ्यायचं नाही, असं ल्युकासने आधीच ठरवलेलं. म्हणजे जुनी ओळख उलट आड येत होती. काही आठवड्यांनी फोर्डला बोलावलं ते इतरांच्या चाचण्यांत समोरचे संवाद वाचायला. ते वाचता वाचता ‘स्टार वॉर्स’मधली हान सोलोची भूमिका त्याच्याकडे आली. तेव्हा पहिल्या कामाला जवळजवळ दहा वर्षं झाली होती.

बाकीचं फुटकळ. व्रण तरुणपणीच्या मोटार अपघातातला. ऑस्करचं म्हणाल तर ‘विटनेस’ सिनेमासाठी एक नामांकन, पुरस्कार मात्र हुकलेला.