चुलीत जायचं ते कुंडीत

आमच्या घराला बाल्कनी होती. डोंबिवलीत बाल्कनी नेहमी 'होती' अशीच असते. बिल्डरच्या नकाशात ती असते, मग एका दिवाळीच्या आधी ती हॉलमध्ये घेतली जाते आणि पुढे जन्मभर आपण पाहुण्यांना फरशीतली जोडरेषा दाखवून सांगत राहतो, "आधी हॉल इथपर्यंतच होता."

बाल्कनी गेल्यावर झाडं खिडकीच्या ग्रिलमध्ये आली. तिथून कुंडीचं लाल पाणी खालच्या काकांच्या पांढऱ्या लेंग्यावर पडलं. (पांढरा हे काकांचं म्हणणं. तो लेंगा मी बरीच वर्षं बघतोय.) सोसायटीची नोटीस लागली: ग्रिलमध्ये कुंड्या ठेवल्यास ५०० रुपये दंड. मग झाडं घरात आली. घरात माती येणार नाही, हा बायकोचा नियम मात्र सोसायटीच्या नियमापेक्षा जुना आणि दंड भरून न सुटणारा. माती नको पण झाड हवं, अशा माणसासाठी या जगात एकच वस्तू आहे, कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा (वरच्या जाड सालीचा) भुसा.

जाहिरातीत लिहिलं होतं: माती नाही, चिखल नाही, वास नाही, तण नाही. 'ताप नाही' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

साडेसहाशे ग्रॅमची वीट १२० रुपयांना होती आणि पाच किलोचा ठोकळा ३८० ला. आम्ही साबणाच्या वडीचासुद्धा किलोचा भाव काढणारी माणसं. ठोकळा मागवला. आला तो थेट कोकणातल्या चिऱ्यासारखा. तोच रंग, तोच खरखरीतपणा. पार्सलवाल्या पोराने विचारलं, "काका, घराचं काम काढलंय का?" मी हसलो. संध्याकाळपर्यंत ते खरं होणार होतं.

ठोकळा भिजवायला वीस-पंचवीस लिटर पाणी लागतं. भिजला की त्याचा सत्तर लिटरच्या आसपास भुसा होतो. हे मी वाचलं होतं. पण सत्तर लिटर म्हणजे किती, याचा अंदाज सुशिक्षित माणसाला नसतो. दूध लिटरमध्ये येतं आणि आमच्याकडे ते दीड येतं. मी ठोकळा मुलीच्या लहानपणच्या आंघोळीच्या टबात ठेवला, वर बादली ओतली आणि चहा घ्यायला गेलो.

परत आलो तेव्हा टब भरला होता. दहा मिनिटांत तो ओसंडला. मी बादली लावली. बादली भरली. ठोकळ्याचा मधला गाभा अजून कोरडाच, आणि तो पाणी मागत होता. बळीराजाची अडचण मला त्या दिवशी कळली. वामनाने पहिलं पाऊल टबात टाकलं, दुसरं बादलीत, आणि आता तिसरं कुठे ठेवू म्हणून तो माझ्याकडे बघत होता. मी दिवाळीच्या चिवड्याचं पातेलं पुढे केलं. त्यानंतर पाताळात कोण गेलं ते सांगायला नको. दोन दिवस मी बायकोशी मुलीमार्फत बोलत होतो.

कुंड्या माझ्या सहा. त्यात मावलं जेमतेम वीस लिटर. उरलेलं पन्नास लिटर आमच्याबरोबर घरात राहू लागलं.

खरं तर 'पीट' म्हणजे थंड देशांतल्या दलदलीत शेवाळ हजारो वर्षं कुजून बनणारी वस्तू. आपल्या नारळाचा आणि तिचा काडीचा संबंध नाही. काथ्यासाठी सोडण कुटलं की धाग्यापेक्षा भुसाच जास्त निघतो. केरळात याचे डोंगरच्या डोंगर काथ्याच्या कारखान्यांबाहेर पडून असायचे आणि याचं करायचं काय, हा तिथे मोठा प्रश्न होता. मग कोणीतरी त्याला 'पीट' हे साहेबी आडनाव लावलं, आणि तो प्रश्न माझ्या बाथरूममध्ये आला.

आता त्याला धुवायचं होतं. नारळ समुद्राकाठचा, त्यात सोडणं सहा-सहा, आठ-आठ महिने खाडीच्या खाऱ्या पाण्यात मुरवण्याची जुनी रीत, त्यामुळे भुशात मीठ राहतं. ते धुतलं नाही तर रोपांची पानं कडेने करपतात. दोन-तीन वेळा धुवा, पाण्याचा चहासारखा रंग जाऊ द्या, असं सांगतात. आमच्याकडे पाणी सकाळी पाऊण तास येतं. त्या पाऊण तासात तीन माणसांच्या आंघोळी, धुणं, भांडी आणि आता वरून भुशाचं अभ्यंगस्नान. तिसऱ्या दिवशी मोरीत पाणी तुंबलं. प्लंबर आला, त्याने जाळी काढून हात आत घातला, ओंजळभर तपकिरी लगदा बाहेर काढला, त्याचा वास घेतला आणि शांतपणे विचारलं, "साहेब, बाथरूममध्ये नारळ सोलता का?" ८०० रुपये झाले. किलोचा भाव आता मी काढत नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण नुसतं धुऊन सगळं जात नाही. कोकोपीटचा स्वभाव आमच्या सोसायटीच्या खजिनदारासारखा आहे. आपल्याकडचं सोडियम-पोटॅशियम सगळ्यांना वाटायचं आणि बाहेरून आलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम आधी स्वतःकडे जमा करून घ्यायचं. सभासदांना, म्हणजे झाडांना, मिळायची मारामार. म्हणून कोकोपीट आधी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून ठेवतात. एकदा त्याचं पोट भरलं की मग झाडाच्या वाटणीचं तो हडपत नाही.

कॅल्शियम नायट्रेट आणायला मी कल्याणच्या बाजारातल्या एका खत-बियाण्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने वर न बघता विचारलं, "किती एकर?"

मी म्हटलं, "सहा."

"सहा एकर. म्हणजे पंचवीस किलोच्या..."

"एकर नाही. कुंड्या."

दुकानात शांतता पसरली. बाकावर मुरबाडकडचे एक शेतकरी बसले होते, तेही वळले. दुकानदाराने पेन खाली ठेवलं. "पीक कोणतं?"

"कोथिंबीर, पुदिना, दोन मिरच्या, तुळस आणि एक मनीप्लांट."

"मनीप्लांटला भाव काय मिळतोय सध्या?" बाकावरून अगदी खऱ्या काळजीने प्रश्न आला.

दुकानदार भला होता. त्याने एक किलोचं पाकीट शोधून दिलं आणि कोकोपीट म्हटल्यावर समजावूनही सांगितलं. नर्सरीवाले रोपं करायला हेच वापरतात. अठ्ठ्याण्णव कप्प्यांचा ट्रे, प्रत्येक कप्प्यात कोकोपीट आणि एक बी. टोमॅटो म्हणा, मिरची म्हणा, कोबी म्हणा. मुळं सुरेख फुटतात, हवा खेळती राहते, पाणी धरून राहतं. "पण तीन-चार आठवड्यांत रोप शेतात जातं. तुमचं किती दिवस राहणार?"

"कायमचं."

"मग मातीचं काम तुम्हालाच करावं लागणार," तो म्हणाला आणि पाकिटाचे पैसे घेतले.

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. माती म्हणजे खानावळ असते. सगळं आत शिजतं, झाड आपलं ताट वाढून घेतं. कोकोपीट म्हणजे लॉज. गादी मऊ, हवा खेळती, पाण्याची सोय उत्तम, जेवण मात्र बाहेर. ते जेवण आणून देणारा पोऱ्या मी. आमच्या फ्रिजवर आधी दूधवाल्याचा हिशेब असायचा, आता झाडांचं पथ्यपाण्याचं वेळापत्रक लागलं. मंगळवारी एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश समसमान असलेलं खत), लिटरला एक ग्रॅम. गुरुवारी कॅल्शियम. रविवारी एप्सम सॉल्ट, कारण मिरचीची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, म्हणजे मॅग्नेशियम कमी. कॅल्शियमचं आणि एप्समचं घट्ट पाणी एकत्र करायचं नाही, केलं की पांढरा साका बसतो. जमिनीवरून कोर्टात गेलेल्या दोन चुलत भावांना लग्नात वेगवेगळ्या पंगतीला बसवतात, तसं ते. माझं स्वतःचं बीपीचं औषध मी या काळात चार वेळा विसरलो. कोथिंबिरीचा डोस एकदाही चुकला नाही.

आणि पाणी! कोकोपीट वरून सुकलं की फिकट पडतं, अगदी तहानलेलं दिसतं. आत बोट घातलं तर चिंब ओलं. हे मला माहीत होतं. बायकोला ते चेहऱ्यावरून तहानलेलं वाटायचं, म्हणून ती घालायची. मुलीला कॉलेजातून आल्यावर दया यायची, म्हणून ती घालायची. दोघी घालत असतील हे धरून मी थोडंच घालायचो. पुदिना, जो गटाराच्या कडेलासुद्धा वाढतो, तो आमच्या घरात मुळं कुजून गेला. मग मी कुंडी उचलून वजनावर अंदाज घ्यायला शिकलो. हलकी झाली तर पाणी, जड असेल तर नाही. अंदाजावर भरवसा बसेना म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. पातेल्यानंतर वजनकाटा. मुलगी पुन्हा मध्यस्थीला.

ओल कायम राहिली की चिलटं येतात. काळी, बारीक, चावत नाहीत, पण बोलायला तोंड उघडलं की आत जातात. मादी ओल्या भुशावर अंडी घालते, आळ्या मुळांशी राहतात, तीन-चार आठवड्यांत नवी पिढी तयार. 'किडे नाहीत' असं जाहिरातीत होतं का, ते मी पुन्हा जाऊन बघितलं. नव्हतं. मीच मनाने वाचलं होतं. उपाय दोन. वरचा थर नीट सुकू द्यायचा, जे आमच्या दयाळू घरात अशक्य, आणि पिवळे चिकट कागद टांगायचे. कागदाला पहिल्या दिवशी चाळीस चिलटं आणि गॅस बघायला आलेल्या माणसाची टोपी चिकटली.

उजेडाचंही सांगून टाकतो. खिडकीसमोर दुसरी बिल्डिंग, त्यामुळे कोथिंबीर उजेड शोधत सुतासारखी लांब आणि पांढुरकी झाली. मी जांभळ्या उजेडाचा दिवा आणला आणि संध्याकाळी सात ते अकरा लावू लागलो. चौथ्या दिवशी सेक्रेटरी आले. बसले, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग घसा खाकरून म्हणाले, "रस्त्यावरून बार उघडल्यासारखं दिसतं हो. परवा दोघं जण वॉचमनला विचारत होते, वर जायला लिफ्ट आहे का."

या सगळ्यात आत्या आली. मालवणजवळच्या गावी राहते, वर्षातून एकदा डोळे तपासायला येते. तिला जांभळा दिवा चालला, चिकट कागद चालला, तिचा पदर त्याला चिकटला तोही तिने निमूट सोडवून घेतला. मग ती हातपाय धुवायला गेली आणि बाथरूमच्या कोपऱ्यात टबातले पन्नास लिटर बघून थांबली. मूठभर उचललं, बोटांत चोळलं.

"ह्यां काय रे? सोडणाचो भुसो मां हो?"

मी म्हटलं, "कोकोपीट."

"ह्येका पैशे दिलंस?"

मी आकडा सांगितला. प्लंबरचा सांगितला नाही. तरी आत्या मटकन स्टुलावर बसली. "मेल्या, आमच्या न्हाणयेच्या चुलीत रोज घमेलाभर जळता ह्यां!" मग माझी बायको जणू या क्षणाची महिनाभर वाट बघत असल्यासारखी शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आत्या, तुम्ही फ्रिजवरचा कागद बघितलात का?"

आठ दिवस आत्या माझी सेवा बघत होती. मंगळवार बघितला, गुरुवार बघितला. रविवारी मी सिरिंजने एप्समचं पाणी मोजत असताना ती एवढंच म्हणाली, "लहानपणी तुझो बापूस आजारी पडलो, तेव्हा आमी इतक्या करूक नाय." त्या आठवड्यात कोथिंबिरीच्या अकरा काड्या निघाल्या. मी त्या आमटीवर घातल्या. सगळ्यांनी डोळे मिटून चव घेतली. कोणी काही बोललं नाही.

जायच्या दिवशी आत्याने दोन रिकाम्या तांदळाच्या गोण्या मागितल्या आणि उरलेलं सगळं त्यात भरलं. "गावाक कलमां लावलीहत, त्येंच्या आळ्यात घालतंय." पाच किलोचा ठोकळा आता ओला, दोन माणसांना न उचलणारा. मध्यरात्री ठाणे स्टेशनात तुतारी एक्स्प्रेसच्या दारात त्या गोण्या चढवताना हमालाने विचारलं, यात आहे काय. मी सांगितलं, नारळाच्या सोडणाचा भुसा. "कुठे नेताय?" कोकणात, मी म्हटलं. त्याने गोणी खाली ठेवली, माझ्याकडे नीट बघितलं आणि पैसे आधी मागितले.

दोन आठवड्यांनी आत्याचा फोन आला. कलमं छान आहेत. गावातला एक जण डोंबिवलीला येतोय, त्याच्याकडे पन्नास नारळ पाठवलेत, उतरवून घे. मी म्हटलं, "आत्ये, एवढे कशाला? आणि सोललेले आहेत ना?"

"सोलूक नाय," आत्या म्हणाली. "सोडणां तुका लागतत ना?"