बेरीज फळ्यावर, नाव पाकिटात

यंदा 2 एप्रिलला, गुरुवारी, आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन फोटो पाठोपाठ आले. एक दादाने टाकलेला, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या यात्रेचा. चैत्र पौर्णिमा, भैरवनाथाची पालखी देवळातून बाहेर पडतेय आणि गुलालात कुणाचा चेहरा कुठला ते कळत नाही. दुसरा माझा. ओहायोत कोलंबसजवळ एका मेथोडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिस्त्यांचा एक पंथ) चर्चच्या हॉलमध्ये मी आणि तीन आज्या लिलीच्या कुंड्यांना सोनेरी कागद गुंडाळतोय, कारण रविवारी ईस्टर.

काकांचा मेसेज, "काय गं, बाटलीस की काय?" पुढे हसरा इमोजी, आणि तो इमोजी कशासाठी असतो ते आपल्या सगळ्यांना माहितीये. पुण्याच्या चुलतबहिणीने लगेच दुसरं टोक धरलं की बघा, तिकडे सण कसे शिस्तीत होतात, फुलं काय, गाणी काय, नाहीतर आपली यात्रा, डीजे, दारू आणि पट्टी, म्हणजे यात्रेची वर्गणी, वसूल करायला दारात उभी राहिलेली पोरं. झालं. रात्रीपर्यंत दीडशे मेसेज. पट्टी सक्तीची का, रात्री दहानंतर स्पीकर का, बैलगाडा शर्यतीला सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये हिरवा कंदील दिला ते बरं झालं की वाईट, आणि आपले सण आले की तुम्हाला नियम कसे आठवतात. काकांच्या लेखी मी हातची गेलेली आणि बहिणीच्या लेखी मी पुरावा. दोन्ही भूमिका मला नकोत, म्हणून हे लांबलचक.

एक गंमत आधी सांगते. ते दोन्ही फोटो एकाच चंद्राचे होते. ईस्टर म्हणजे 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार, त्यामुळे कितीतरी वर्षं तो आमच्या यात्रेला खेटूनच येतो. दोन्हींची जोडी कधी मोडते, जशी 2024 ला मोडली, ईस्टर मार्चअखेर आणि आमची यात्रा 23 एप्रिलला. पण एरवी इकडे बर्फ वितळून चिखल झालेला असतो, तिकडे शेतातली कामं उरकून माणूस मोकळा झालेला असतो, आणि दोन्हीकडे लोकांना घराबाहेर पडायला निमित्त हवं असतं.

मी त्या चर्चची मेंबर नाही. मुलगा खालच्या प्रीस्कूलला होता, आता मुलगी आहे, आणि शेजारच्या आजींनी एका फेब्रुवारीत "मंगळवारी रात्री पॅनकेक आहेत, स्वयंपाक करू नकोस" म्हणून ओढत नेलं. ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस सुरू व्हायच्या आदल्या रात्री घरातली अंडी-लोणी संपवायची म्हणून पॅनकेक, म्हणजे आपल्या गटारीची सात्त्विक बहीण. दुसऱ्या दिवशी कपाळाला राख लावतात, ती राख गेल्या वर्षीच्या पाम संडेच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) वाळलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. मला हे फार आवडलं, कारण आमची आजी होळीची राख कपाळाला लावायची.

मग वसंत सुरू होतो आणि कामांना अंतच राहत नाही. लिलीची ऑर्डर द्यायची तर फॉर्मवर कुणाच्या आठवणीसाठी ते लिहायचं, ती नावं ईस्टरच्या पत्रकात छापून येतात, यंदा स्मिथ-मिलरांच्या रांगेत माझ्या सासऱ्यांचं नाव "कै." शिवाय छापलेलं बघून नवरा पाच मिनिटं गप्प बसला. ईस्टरला पहाटे स्मशानभूमीच्या कडेला सूर्योदयाची प्रार्थना, तिथे थंडीत दात वाजत असतात, नंतर पुरुष मंडळी सगळ्यांसाठी नाश्ता बनवतात (वर्षातून एकदाच, आणि त्याचं कौतुक वर्षभर). मुलांसाठी प्लास्टिकची हजारभर अंडी गवतात लपवायची. मग मदर्स डेच्या आधी रोपांची विक्री, कारण इथे त्याआधी टोमॅटो बाहेर लावला तर एका रात्रीच्या हिमाने मेलाच समजा. हा मदर्स डेसुद्धा ह्यांचाच, शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियात ग्राफ्टन गावच्या मेथोडिस्ट चर्चमध्ये 10 मे 1908 ला अ‍ॅना जार्विसने पहिला करवला, आणि पुढे त्याचा बाजार झालेला बघून तीच बाई त्याच्याविरुद्ध भांडत राहिली.

आणि जूनमध्ये बदल्या. हे ऐकून दादा फार हसला. मेथोडिस्टांचा पास्टर, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, आपलं गाव स्वतः ठरवत नाही, बिशप नेमतो आणि बिशप उचलतो, जुलैच्या सुरुवातीला सामानाचा ट्रक हलतो. अगदी आपल्या तलाठ्यासारखं. मूळ कारण असं की सुरुवातीला हे लोक घोड्यावरून गावोगाव फिरणारे, एका जागी मुळं धरायची नाहीत हा नियमच. मेथोडिस्ट हे नावसुद्धा चिडवायला पडलेलं, ऑक्सफर्डला ह्या पंथाचे संस्थापक वेस्ली बंधू आणि त्यांचे मित्र ठरल्या वेळी प्रार्थना, ठरल्या वेळी उपास, ठरल्या वेळी तुरुंगातल्या कैद्यांना भेटणं असं सगळं पद्धतशीर करायचे म्हणून बाकीची पोरं हसायची.

बहिणीच्या दारूच्या टोमण्यावर पण एक. हे मूळचे दारूबंदीवाले. प्रार्थनेत वाइन नको म्हणून 1869 मध्ये न्यू जर्सीतल्या वेल्च नावाच्या मेथोडिस्ट डेंटिस्टाने द्राक्षाचा रस न आंबवता टिकवायची युक्ती काढली, तोच वेल्चचा ज्यूस आज इथल्या दुकानादुकानात. पण त्याचा अर्थ चर्चची माणसं पीत नाहीत असा नाही गं बाई, फक्त हॉलमध्ये पीत नाहीत.

आता मुद्दा. दर रविवारी जे पत्रक हातात येतं त्याच्या मागच्या पानावर एक बारीक चौकट असते. गेल्या रविवारी हजेरी किती, दान किती जमलं, आठवड्याची गरज किती होती, वर्षाची तूट किती. एवढंच. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला संकोचच वाटला, घरची उधारी कुणी दारावर चिकटवावी तसं. पण कोणी किती दिलं हे मात्र कुठेच नाही. पाकीट बंद, आणि आमच्या इथे तर पास्टरलासुद्धा सांगत नाहीत, एक हिशेबनीस सोडून कुणाला पत्ता नसतो.

आमच्या यात्रेत बरोबर उलटं. "भैरवनाथ देवस्थानास अमुक अमुक यांजकडून पाच हजार एक रुपये" हे लाउडस्पीकरवर तीन वेळा, वर फ्लेक्सवर फोटोसकट, आणि एकूण किती जमले, कशाला गेले, हे कमिटीतल्या चारपाच जणांना ठाऊक. इकडे देणारा झाकलेला आणि बेरीज उघडी, तिकडे देणारा उघडा आणि बेरीज झाकलेली. माझ्या मते आमच्या ग्रुपवरच्या दीडशे मेसेजांचं मूळ इथे आहे, धर्मात नाही आणि डेसिबलमध्ये तर नाहीच. लोकांना पट्टीचा राग नसतो हो, आपल्या दोन हजारांचं काय झालं हे विचारायची सोय नसते त्याचा राग असतो, आणि तो मग डीजेवर निघतो.

पण म्हणून इकडची पद्धत भारी असं मी म्हणणार नाही. ह्या गुप्त पाकिटाचा परिणाम काय ते मी बघतेय. ती तूट दरवर्षी वाढतेय. खुर्च्या उचलून रचणारे लोक सत्तरीचे, पंच्याहत्तरीचे, रोपांच्या विक्रीला मातीची पोती उतरवायला यंदा माझ्या नवऱ्याला आणि दोन तेलुगू शेजाऱ्यांना बोलावलं कारण उचलणारं दुसरं कोणी नव्हतं. आणि आमच्या गावात एका रात्रीत मांडव उभा करणारी चाळीस पोरं आहेत, विहिरीवर मोटर बसवायची असो की कुस्त्यांचा फड आखायचा असो, हाक मारायची खोटी. स्पीकरवरच्या नावाचंही एक काम असतं. आमच्या शेजारच्या विधवा काकूंचे एकशे एक्कावन्न सरपंचाच्या पाच हजारांनंतर त्याच आवाजात, त्याच "यांजकडून" ने वाचले जातात, त्या तेवढ्यासाठी दारात येऊन उभ्या राहतात, त्या क्षणाची किंमत बंद पाकिटात येत नाही. (आणि चर्चवालेही काही संत नाहीत, खिडक्यांच्या रंगीत काचांखाली पितळी पाट्यांवर शंभर वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावं आहेत की.)

शांततेचं म्हणाल तर ती पण ऐकीव. 2019 ते 2023 ह्या काळात अमेरिकेतल्या युनायटेड मेथोडिस्ट ह्या संघटनेतली साडेसात हजारांवर चर्च बाहेर पडली, साधारण चारातलं एक. भांडण समलिंगी लग्नं आणि समलिंगी पास्टर ह्यांवरून. बाहेर पडायला दोन तृतीयांश मतं लागायची, आणि वर वर्गणी आणि पास्टर लोकांच्या पेन्शनचा वाटा चुकता करायचा. आमच्या इथे ते राहिले, पण ज्या बायका वीस वर्षं एका ओट्यावर बटाटे सोलत होत्या त्या आता किराणा दुकानात एकमेकींना बघून दुसऱ्या रांगेत जातात. पुढे 2024 मध्ये शार्लट शहरातल्या त्यांच्या अधिवेशनात त्यावरची बंदी उठली, पण गेलेले बहुतेक परत आले नाहीत. आपल्याकडे एका गावात दोन तालमी, दोन मंडळं, दोन पालख्या होतात ते ह्याहून वेगळं आहे असं मला तरी वाटत नाही. फक्त इथे कुणी स्पीकर लावून भांडत नाही.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. बाटवायला कोणी आलं नाही. मुलाच्या दप्तरात एकदा उन्हाळी शिबिराचं कार्ड आलं, आणि बाबा आयसीयूत होते तेव्हा एका बाईंनी विचारलं की तुझ्या वडिलांचं नाव प्रार्थनेच्या यादीत घालू का. मी हो म्हटलं. आई इकडे महामृत्युंजय लावून बसली होती, तिलाही सांगितलं, ती म्हणाली घालू दे, कमी पडायला नको. काका, ह्यात धर्म बुडाला असेल तर बाबा वाचले एवढंच म्हणते.

तरी एक गोष्ट मी काकांच्या बाजूने मान्य करते, की इथे मी बहुसंख्यांच्या घरी पाहुणी आहे, त्यांना उदार असणं सोपं आहे. हिशेब तोच आपल्याकडे लावून बघा म्हणजे उलटा दिसेल. महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेत ख्रिस्ती माणसं एक टक्कासुद्धा नव्हती. पुण्याला हॉस्टेलवर माझी रूममेट नगरची होती, नाताळला घरून करंज्या आणायची, त्यांच्या चर्चमध्ये पेटी-तबल्यावर ना. वा. टिळकांची भजनं व्हायची, ऐकलं तर कुठल्याही विठ्ठलमंदिरातलं वाटेल. तिला वर्षातून दहा वेळा लोक विचारायचे, "मग घरी इंग्लिश बोलता का?" आमच्या ग्रुपवर "चर्च" म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढे अमेरिका आली, नगर कुणाच्याच आलं नाही, माझ्याही नाही आलं लगेच, खरं सांगते.

आता आमचा एक पराक्रम. यंदा पाडव्याला आमच्या मराठी मंडळींनी तोच हॉल भाड्याने घेतला. स्वयंपाकघराच्या दारावर नियमांचा कागद आहे, तो आम्ही वाचला, ओटा पुसला, कचरा वेगळा केला, आणि मग आरतीला भरपूर कापूर लावला. स्मोक अलार्म, सव्वाशे माणसं नऊवारी आणि सदऱ्यांत पार्किंगमध्ये कुडकुडत, आणि अग्निशमनचा बंब. मी लाजेने मेले होते. दुसऱ्या दिवशी इमारत बघणाऱ्या आजोबांचा फोन आला, दंड-बिंड काही नाही, पण नियमांच्या कागदात एक ओळ वाढवायचीय तर "कापूर" चं स्पेलिंग सांगा.

तर ह्या सगळ्या भानगडीत मी त्या पत्रकाच्या मागच्या चौकटीचा फोटो काढून दादाला पाठवला, ग्रुपवर नाही, त्यालाच. दादा यात्रा कमिटीचा खजिनदार आहे. दोन दिवस उत्तर नाही, मला वाटलं रागावला. मग फोन आला. म्हणाला, "नावं वाचायची बंद करणार नाही हां, लोक मारतील मला. पण हे खालचं करून बघतो."

आणि केलंन. देवळासमोरच्या फळ्यावर, जिथे एरवी सुविचार असतो, खडूने जमा, खर्च, शिल्लक. पालखीची फुलं, कुस्त्यांची बक्षिसं, मांडव, डीजे, जनरेटर, महाप्रसाद, सगळं ओळीने. पहिला दिवस लोक नुसते वाचून गेले. दुसऱ्या दिवशी डीजेच्या आकड्यापुढे कुणीतरी उद्गारचिन्ह काढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा दूध घालायला गेला तर खाली दुसऱ्या अक्षरात एक ओळ होती, "जनरेटर दोनदा धरलाय."

मी विचारलं, मग?

"मग काय, वही काढली. खरंच दोनदा धरला होता."