झोपताना नाही, जेवायच्या आधी

ताई, कृतज्ञता सवयीनं येते हे तुमचं म्हणणं पटलं. पण लहान लेकरांकडून रोज झोपताना देवाच्या दहा उपकारांची यादी म्हणून घ्यावी, हे पटलं नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत माय वावरातून दिवेलागणीला येते, स्वयंपाक होईस्तोवर पोर पेंगलेलं असतं. मग दहाचा आकडा भरायला ते रोज तीच नावं घोकतं, चुकलं की रागावणं होतं आणि प्रार्थना शिक्षेसारखी वाटायला लागते. त्यापेक्षा ताट वाढल्यावर, पहिला घास घ्यायच्या आधी, आज कशासाठी देवाचे आभार मानायचे, ही एकच गोष्ट विचारावी. तीन वर्षांच्या लेकराला एक वाक्य पुरे.

यासाठी बायबलमधलं स्तोत्र १३६ फार सोयीचं आहे. त्याच्या २६ही ओव्यांत 'त्याची दया सनातन आहे' हे पालुपद येतं. आईनं ओवीचा पहिला भाग म्हणायचा, पोरांनी पालुपद. लहानांसाठी ओवी १, ५ ते ९ आणि २५ एवढंच घ्यावं. मिसरातल्या (इजिप्तमधल्या) प्रथमजन्मलेल्यांच्या आणि राजांच्या वधाचं मोठेपणी वाचता येईल. मधे घरचंही घालावं: तुरीला शेंगा धरल्या, शेळी व्याली.

आणि बोंडअळीनं कापूस गेला त्या वर्षी पोरांवर आभाराची जबरदस्ती नको. स्तोत्र १३ 'किती काळ' असं विचारूनच सुरू होतं. ते म्हणू द्यावं. "दुसऱ्यांकडे तर एवढंही नाही" असं तर मुळीच सांगू नये, त्यानं शेजारच्या लेकराची कीव करायची सवय लागते.