‘एक स्क्रिप्ट टाका, फोटोचोरी कायमची बंद’: नाही, होत नाही

वेबसाइटवरच्या फोटोंबद्दल एक मेसेज सध्या फिरतोय. त्यातला सल्ला थोडक्यात असा: फोटो कॅमेऱ्यातून आले तसे, मोठ्याच्या मोठे सर्व्हरवर चढवा. सोबतची पीएचपीची (सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेची) छोटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, टाका. पानावर फोटोच्या जागी त्या स्क्रिप्टचा पत्ता द्या आणि पत्त्यातच फाइलचं नाव व हवी ती रुंदी लिहा. लहान करणं, वॉटरमार्क (फोटोवर उमटवलेलं नाव किंवा लोगो) लावणं ती दर वेळी स्वतः करेल. दुसऱ्या साइटवरचा फोटोही चालेल. मूळ फोटो कुणाच्या हाती लागणार नाही, म्हणजे चोरी बंद.

काल हा मेसेज माझ्या मावसबहिणीकडून आला. ती पक्ष्यांचे फोटो काढते, स्वतःची साइट स्वतःच सांभाळते. “दादा, हे टाकू ना?” एवढंच तिने विचारलं होतं. नको टाकूस. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी ती स्क्रिप्ट एकदा तरी उघडून वाचायला हवी होती.

आधी ‘मूळ फोटो हाती लागणार नाही’ हे बघू, कारण हे धडधडीत खोटं आहे. पानावरच्या फोटोवर राइट क्लिक करून त्याचा पत्ता उघडा. त्यात स्क्रिप्टचं नाव दिसतं आणि पुढे मूळ फाइलचा रस्ता, फोल्डरसकट. स्क्रिप्टचं नाव खोडा, उरलेला रस्ता साइटच्या नावापुढे जोडा, एंटर दाबा. पूर्ण आकाराचा, वॉटरमार्क नसलेला फोटो समोर. जी गोष्ट लपवायची होती तिचाच पत्ता प्रत्येक पानावर छापलेला आहे.

बरं, नुसता फोटो गेला तर एक वेळ सोसता येईल. पण कॅमेऱ्यात किंवा मोबाइलमध्ये जीपीएस चालू असेल, तर मूळ फाइलच्या एक्झिफ माहितीत, म्हणजे कॅमेरा फाइलमध्येच लिहून ठेवतो त्या नोंदींत, फोटो काढल्याचं ठिकाण अक्षांश-रेखांशासह असतं. माझी बहीण घरट्यांचे फोटो काढते आणि घरट्याची जागा चुकूनही कुणाला सांगत नाही. या सल्ल्याने ती जागा ज्याला हवी त्याला मिळाली असती. म्हणून मूळ फोटो वेबच्या फोल्डरबाहेर ठेवायचे, जिथे ब्राउझर पोहोचतच नाही. लोकांसमोर जाते ती फक्त नवी बनवलेली प्रत. पीएचपीच्या जीडी या फोटो हाताळणाऱ्या लायब्ररीने बनवलेल्या प्रतीत एक्झिफ उरत नाही. इमेजमॅजिक हे तशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते वेगळं काढून टाकावं लागतं.

आता ‘दुसऱ्या साइटवरचा फोटोही चालेल’. हे वाचून मला खरोखर राग आला, कारण याची किंमत एकदा मोजून झालेली आहे. टिमथंब ही अशीच फोटो लहान करणारी स्क्रिप्ट वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या असंख्य थीममध्ये (तयार साच्यांमध्ये) होती. ऑगस्ट २०११ मध्ये मार्क माँडर या प्रोग्रामरचा स्वतःचा ब्लॉग हॅक झाला आणि शोध घेताना तिच्यातलं भगदाड त्यांना सापडलं. ब्लॉगर, फ्लिकर अशा ठरावीक साइटवरूनच फोटो आणायला तिची परवानगी होती. पण तपासणी एवढीच, की पत्त्यात ते नाव कुठेतरी आलंय का. मग हल्लेखोराने आपल्याच डोमेनच्या पुढे ‘ब्लॉगर डॉट कॉम’ जोडून सबडोमेन केलं की काम झालं. स्क्रिप्ट तिथली फाइल आणून कॅशच्या, म्हणजे तात्पुरत्या साठवणीच्या, फोल्डरमध्ये ठेवायची, तो फोल्डर ब्राउझरला खुला, आणि फाइलमध्ये फोटोऐवजी पीएचपीचा कोड. ती उघडली की सर्व्हर परक्याच्या ताब्यात. माँडर यांनी पुढे ती स्क्रिप्ट नव्याने लिहून दिली. मेसेजमधल्या स्क्रिप्टमध्ये तर ती तोकडी यादीसुद्धा नाही. पत्ता येईल तिथून फाइल आणते.

‘हवी ती रुंदी’ हेही तसंच. हवी ती म्हणजे तुम्हाला नव्हे, येणाऱ्या कुणालाही. एकाने ओळीने १ ते ५००० पर्यंतच्या रुंदी मागितल्या तर सर्व्हर तेवढ्या वेळा राबणार. प्रती साठवत असाल तर डिस्क भरणार. तीन-चार आकार ठरवा, बाकीच्यांना नकार द्या.

आणि दर वेळी हे काम करायचंच कशाला? ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो डिस्कवर लहान दिसतो, पण जीडी तो उघडते तेव्हा दर पिक्सेलला ४ बाइट मेमरी लागते, म्हणजे सुमारे ९२ एमबी. पीएचपीची मेमरीची नेहमीची मर्यादा १२८ एमबी. उभा फोटो सरळ करायला फिरवला की दुसरी तेवढीच प्रत लागते आणि स्क्रिप्ट मध्येच मरते. पानावर फुटका चौकोन. फोटो चढवतानाच एकदा प्रती करून ठेवल्या तर पुढे सर्व्हरला नुसती फाइल द्यायची असते.

वॉटरमार्कने चोरी बंद होते? २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवलं, की एकच वॉटरमार्क पुष्कळ फोटोंवर जसाच्या तसा असेल तर ते सगळे फोटो एकत्र घेऊन तो आपोआप ओळखता येतो आणि पुसता येतो. स्क्रिप्ट नेमकं तेच करते: तोच लोगो, तोच कोपरा. कोपऱ्यातला लोगो तर कात्री लावूनही जातो. त्याचा उपयोग आहे तो फोटो कुणाचा हे सांगण्यापुरता, आणि तेवढ्यासाठी जरूर लावा. लोगोभोवती पांढरा किंवा काळा डबा दिसत असेल तर स्क्रिप्टमध्ये ‘इमेजकॉपीमर्ज’ ही पीएचपीची आज्ञा आहे का बघा. तिला लोगोच्या पीएनजी फाइलची पारदर्शकता कळत नाही, ‘इमेजकॉपी’ वापरा.

एक गोष्ट मेसेजमध्ये बरोबर आहे, मान्य करतो: मूळ फोटो जपून ठेवायचा आणि प्रत्येक प्रत त्याच्यापासूनच करायची. जेपीईजी पुन्हा पुन्हा सेव्ह केला की दर वेळी खराब होतो. प्रत सेव्ह करताना ‘क्वालिटी १००’चा आग्रह मात्र सोडा, ८० च्या आसपास फरक सहसा दिसत नाही आणि फाइल बरीच हलकी होते.

ज्यांनी ती स्क्रिप्ट आधीच टाकली आहे त्यांनी ती आजच काढावी आणि कॅशच्या फोल्डरमध्ये पीएचपीची एखादी अनोळखी फाइल पडली आहे का ते बघावं. जुनी थीम असेल तर ‘टिमथंब’ आणि ‘थंब’ या दोन्ही नावांनी शोधा. पुष्कळ थीमवाल्यांनी तिचं नाव बदलून ठेवलेलं होतं.